बारा पट्टे आणि एक पट्टीचा गुप्तहेर

सूर्यभान यांना स्वतःची ओळख करून द्यायला साधारण अकरा मिनिटं लागत. गरुडाची नजर, श्वानाचं नाक, हत्तीची स्मरणशक्ती आणि कोल्ह्याचा कावा, असं सगळं प्राणिसंग्रहालय ते एका दमात उभं करीत आणि शेवटी ‘मराठवाड्यातला एकमेव पट्टीचा गुप्तहेर’ असं म्हणून समोरच्याला श्वास घेऊ देत. पुरावा एवढाच, की रेल्वेच्या नोकरीत एकोणतीस वर्षं ते हरवलेल्या सामानाच्या नोंदी करत होते. तेवढ्या काळात त्यांनी स्वतः तीन वस्तू शोधून काढल्या. त्यातल्या दोन त्यांच्याच होत्या.

गंगाखेडला त्यांच्या शेजारी दत्तराव राहत. दत्तरावांना त्यांनी साहाय्यक नेमलं, ते बुद्धी बघून नव्हे, मोटारसायकल बघून.

पोळ्याच्या दिवशी सकाळी सातला दत्तरावांना पंकजाचा फोन आला. पंकजा ही सूर्यभानांची भाची. पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटला लावतात ती बारीक, चिवट दोरी. तिचे पट्टे आणि कडी विणायला ती दोन वर्षं शिकली होती. बोटांना फोड येऊन त्यांचे घट्टे झाले होते. एका कमरपट्ट्यात पंधरा मीटर दोरी मावते, आणि बकलाला मदतीच्या हाकेसाठी शिट्टी असते. वीण अशी, की रानात अडचण आली तर एक टोक ओढायचं, पट्टा सरसर उसवतो आणि हातात दोर येतो. राणीसावरगावाजवळच्या माळावर रानात तगून राहायला शिकवणारं तिचं पहिलंच शिबिर लागलं होतं. परभणीहून बारा माणसं आली होती. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने कमरेचा पट्टा सोडून दाखवायचा, ही परीक्षा. ती पार पडली तर पुढची शिबिरं तिच्याकडे, नाहीतर पुण्याच्या कुणाकडे, असं शिबिर भरवणाऱ्या मंडळाने स्पष्ट सांगितलं होतं. आणि त्याच सकाळी बाराच्या बारा पट्टे गायब.

पंकजाने तपास मागितलाच नव्हता. येताना बाजारातून दोरीची दोन बंडलं आणा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण सूर्यभानांनी कुंपणावरून ऐकलं आणि बंडलं आणायला साफ मनाई केली. दोरी मिळाली तर तपास कशाचा करायचा, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. दत्तरावांनी निमूट किक मारली.

माळावर पोचल्यावर पंकजाने हकिगत सांगितली. तंबू गळत होता म्हणून तिने पट्टे काल खालच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गोठ्यातल्या खुंटीला अडकवले होते. आखाडा वैजीनाथ आणि छबूबाई या म्हाताऱ्या जोडप्याचा. सकाळी खुंटी मोकळी होती आणि दोघं बैल धुवायला ओढ्यावर गेली होती. सणाच्या दिवशी तुमच्या घरातून चोरी झाली असं त्यांना कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प होती.

सूर्यभानांना हे फार आवडलं. गुन्हा काय झाला हे संशयिताला कधीही कळू द्यायचं नाही, हा त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम होता. “आज इथं कुणीही ‘पट्टा’ हा शब्द उच्चारणार नाही,” त्यांनी बजावलं. “बाकी प्रकरण गंभीर आहे, दत्तराव. प्रत्येक गुन्ह्याचे धागेदोरे शोधावे लागतात. इथं चोरांनी धागेदोरेच चोरलेत.”

पहिला सिद्धान्त खलाशांचा निघाला. दोरी लागते जहाजाला, म्हणजे चोर समुद्रावरचे. समुद्र इथून चारशे किलोमीटर आहे, असं दत्तरावांनी सुचवून पाहिलं. त्यावरून टोळीची तयारी किती दांडगी होती ते सिद्ध झालं.

दुसरा सिद्धान्त सैल विजारीचा. पट्टा चोरणाऱ्याची विजार सैल असणारच, म्हणून बारा शिबिरार्थ्यांना रांगेत उभं करून उड्या मारायला लावलं. कुणाचीच विजार घसरली नाही. घसरली ती दत्तरावांची, आणि दहा मिनिटं ते मुख्य संशयित होते.

तेवढ्यात वैजीनाथ चहासाठी दूध घेऊन वर आले. सूर्यभानांनी त्यांना दगडावर बसवून नियमाप्रमाणे उलटतपासणी केली. आपण डाव्या कुशीवर झोपता की उजव्या, या महिन्यात किती वेळा दचकलात, जगात कुणाची भीती वाटते. वैजीनाथांनी विचार करून शेवटच्या प्रश्नाला मंडळीचं नाव सांगितलं आणि बैलं सजवायचीत म्हणून ते उठले. जाताना त्यांनी दत्तरावांना हळूच विचारलं, पाहुण्याला ऊन लागलंय का. त्यांना खरं काय ते विचारून टाकावं, असं दत्तरावांना फार वाटलं. पण नियम आडवा आला.

दुपारी सूर्यभानांना पायांचे ठसे सापडले. प्रत्येक ठसा दोन भागांचा, टाचेचा पत्ताच नाही. चवड्यांवर चालणारी टोळी, त्यांनी जाहीर केलं. हे बैलाचे खूर असतील, असं दत्तराव म्हणेपर्यंत ते ठशांमागे ओढ्याकडे उतरलेही होते. ओढ्याकाठी काळ्या मातीचा गाळ होता. तिसऱ्या पावलाला गुडघा गेला, पाचव्याला मांड्या गेल्या.

“मी मुद्दाम थांबलोय,” ते म्हणाले. दोन मिनिटांनी चिखल कमरेला लागला तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला. “दत्तराव, हे थांबत नाहीये.”

माणूस कसाही असो, शेजारी होता. दत्तरावांनी लांब काठी पुढे केली, ती मोडली. पंकजा आणि शिबिराची माणसं धावत आली. इतक्या जणांत हातभर दोरी नव्हती, तंबूच्या दोऱ्या वर माळावर राहिल्या.

तेवढ्यात बाभळीच्या वळणावरून वैजीनाथ आणि छबूबाई आपली दोन बैलं घेऊन वेशीकडे निघालेली आली. अंगावर झुली, शिंगांना रंग. चिखलातूनच सूर्यभानांनी हुकूम सोडला, की बैलं जुंपा आणि मला ओढा. वैजीनाथांनी मान हलवली. “आज न्हाई. पोळ्याला बैलाला काम लावत न्हाईत.” कासरा तरी सोडून द्या म्हटलं, तर सजलेली बैलं उधळली तर धरणार कोण.

छबूबाई दत्तरावांपाशी आल्या. “सकाळधरून बघायलेय मी. काय हुडकायलाय तुमी?”

दत्तरावांनी चिखलाकडे पाहिलं. कमरेपर्यंत बुडालेले सूर्यभान ओठांवर बोट ठेवून नको-नको करत होते. त्या क्षणी दत्तरावांनी साहाय्यकपदाचा राजीनामा मनातल्या मनात लिहिला.

“पट्टे, वैनी. पोरीचे बारा पट्टे. रंगीत, विणलेले.”

छबूबाईंनी बैलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “हे काय?”

गळ्यात एक, शिंगांखाली एक, चार पायांत चार. बैल दोन. वैजीनाथ गोरेमोरे झाले. पुतण्याला गंगाखेडहून साज आणायला सांगितलं होतं, खुंटीला दिसला, वाटलं त्यानंच आणला. “एवढा झ्याक साज आणला म्हणून लय खूश झालो होतो मी,” ते म्हणाले. “फकस्त ह्याला शिट्टी कशाला लावली ते कळंना.”

वेशीच्या तोरणाखालून जाण्याआधी बैल उघडा करायचा नाही, यावर ते अडून बसले. शेवटी पायांतले घ्या, बाकीचे राहू द्या, असं ठरलं. पंकजाने शिबिरार्थ्यांना हाक मारली. चार पट्टे चार जणांनी उसवले, पेड एकत्र केले, बाभळीला वेढा टाकला. न आवळणारी गाठ मारून तिने फेकलेला फास मामांच्या काखेत बसला. बारा जणांनी ओढलं. आधी काहीच झालं नाही, मग मोठा पचाक आवाज झाला आणि मराठवाड्यातला एकमेव गुप्तहेर बाहेर आला. विजार आतच राहिली. छबूबाईंनी तोंड फिरवून बैलावरची झूल त्यांच्याकडे फेकली. परीक्षा बघायला आलेल्या मंडळाच्या प्रमुखाने तिथंच पंकजाला पुढच्या दोन शिबिरांच्या तारखा विचारल्या. वैजीनाथांनीही विचारल्या, पण बैलांच्या साजासाठी.

संध्याकाळी छबूबाईंच्या अंगणात झूल गुंडाळून बसलेल्या सूर्यभानांनी दत्तरावांना अहवाल लिहायला बसवलं. चिखलात आपण आमिष म्हणून उतरलो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग आरोपींचा जबाब नोंदवा म्हणाले.

दत्तरावांनी गोठ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: “आरोपी दोन. दोघेही पुरणपोळी खायलेत. जबाब द्यायला सवड न्हाई.”