भिंतीला लागलेलं कॅल्शियम

बाबांचा शेवटचा दिवस अगदी साधा होता. रविवार. ते स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या भिंतीतलं भोक बुजवत होते.

"आधी खाली उतरा!" मुलगी ओरडली. हॉस्पिटलच्या प्लास्टररूममध्ये दिवसभर मोडकी मनगटं बांधणाऱ्या तिला स्टूल दिसलं की अर्धं फ्रॅक्चर झाल्यासारखंच वाटे.

"तुझंच प्लास्टर वापरतोय. साखरेच्या मागे डबा सापडला."

डब्यात प्लास्टर नव्हतंच. बाबा गोळ्या घेत नाहीत म्हणून तिने कॅल्शियमच्या गोळ्या कुटून ठेवल्या होत्या. रोज सकाळी चिमूटभर पूड गुपचूप त्यांच्या दुधात जाई.

"हाडं वाढायचं वय गेलं माझं," हे बाबांचं पालुपद.

"वाढायचं गेलं, झिजायचं नाही! खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही, तर रक्त ते हाडांतून ओरबाडून घेतं," हे तिचं.

बाबांनी लगद्यात खिळा रोवून फळी टांगली. फळीने क्षणभर विचार केला. मग मिठाची बरणी, चहाचा डबा आणि शेवटी फळी, असे सगळे मानाने खाली आले.

"भेसळ!" बाबा गरजले. "ह्यानं लोकांचे पाय बांधता? थांब, तुझ्या मोठ्या डॉक्टरांनाच विचारतो."

"बाबा, नको ना! जुना माल असेल."

"म्हणजे जुना माल गरिबाच्या पायाला? हॅलो, डॉक्टरसाहेब..."

तिने झडप घालून फोन हिसकावला. "सर, ते प्लास्टर नाहीये! बाबांचं कॅल्शियम आहे, मी चोरून दुधात घालते!"

फोनवर कुणीच नव्हतं. बाबा मात्र पोट धरून हसत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दूध खडूसारखं लागतं गं. कळणार नाही?"

"मग पीत का होतात?"

"तू दाराआडून बघत असायचीस ना."

त्याच रात्री झोपेतच ते गेले. हाडं धडधाकट होती; थांबलं ते हृदय.

काही आठवड्यांनी ती कामावर परतली. एका आजोबांच्या मनगटावर ओली पट्टी गुंडाळत होती, तेवढ्यात ते कुरकुरले, "मुलगी कॅल्शियम घ्या, कॅल्शियम घ्या म्हणून डोकं खाते. आता या वयात कशाला हो?"

"हाडं शेवटपर्यंत झिजतात, आजोबा, आणि भरतातही..." तिने नेहमीचं सुरू केलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात तेवढे चालत राहिले. ओलं प्लास्टर कुणासाठी थांबत नाही.

आजोबा घाबरले. "अहो, घेतो की गोळी! रडता कशाला?"

"तुमच्यामुळे नाही, आजोबा," ती म्हणाली. मग खिडकीकडे बघत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, हाडांचं नुसतं निमित्त होतं. मला तुम्ही हवे होतात."