गिटारवाल्या बाबाची पोथी

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जाताना जावयानं पिशवी रिकामी न्यायची असते, म्हणजे येताना तिच्यात जागा राहते. एवढी साधी गोष्ट रामप्रसादला कळू नये? पुसेगावला निघताना त्यानं पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टाकलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

रामप्रसाद सेनगावात एका कचेरीत कारकून होता. दोन हजार चार साली कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या पाठोपाठ इंग्रजी झाडणारा साहेब आला. तेव्हा आपलंही इंग्रजी सुधारावं म्हणून रामप्रसादनं हिंगोलीच्या रद्दीच्या दुकानातून सगळ्यात जाड पुस्तक उचललं. ते निघालं विलायतेतल्या एका गिटारवाल्याचं आत्मचरित्र. त्या माणसानं दारू प्यायली, हॉटेलं फोडली, बायका केल्या, सोडल्या आणि हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून वर छापलं. रामप्रसाद डिक्शनरी घेऊन, घाबरत घाबरत, पण एक ओळ न गाळता वाचत होता. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ते सासुरवाडीत दुपारी लोळत वाचू, असा त्याचा बेत होता.

आता सासरे. लिंबाजी पक्के माळकरी. लग्नाआधी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की पोरगा घेतो. (मित्राच्या हळदीत रामप्रसादनं दुसऱ्याचा ग्लास धरला होता, एवढाच गुन्हा.) तेव्हापासून लिंबाजी जावई दिसला की कडकडून गळाभेट घ्यायचे. लोकांना ते प्रेम वाटे. रामप्रसादला ठाऊक होतं की सासरे वास घेतात. मागच्या धोंड्याला त्यांनी जावयाचं वाण लेकीच्याच हाती देऊन बोळवण केली होती. यंदा पहिल्यांदा पाय धुवायला बोलावलं होतं. दीपमालानं जीपमध्येच नवऱ्याला बजावलं होतं की आबांच्या मनातला तेवढा संशय यंदा जाऊ द्या, माझ्यावर उपकार होतील.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. गळाभेट झाली, पाय धुतले गेले, पुरणाचे धोंडे पोटात गेले. मग लिंबाजी जावयाची पिशवी खुंटीला अडकवायला गेले आणि पुस्तक खाली पडलं. कव्हरवर छातीपर्यंत दाढी, खांद्यावर जटा, उघडं अंग, गळ्यात माळा, मिटलेले डोळे आणि पोटाशी वाद्य. लिंबाजींनी ते उचलून आधी कपाळाला लावलं आणि मग हे कोण्या महाराजांचं चरित्र म्हणून विचारलं.

"परदेशातले हायेत मामा," रामप्रसाद म्हणाला. "चरित्रच हाय." (यात एक अक्षर खोटं नव्हतं.)

अधिकात लिंबाजींच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पोथी लागायची. वाचणारे व्यंकटराव मोतीबिंदूचं ऑपरेशन करून परभणीला पडलेले. त्यामुळे पोथी बंद होती, आणि नेमका असा शिकलेला जावई घरी आला होता! लिंबाजींनी गावभर निरोप धाडला. रामप्रसादनं घसा बसल्याचं सांगून पाहिलं, तर सासूबाईंनी, पंचफुलाबाईंनी, ज्येष्ठमधाची कांडी आणून दिली.

दिवेलागणीला ओसरी भरली. चौरंगावर ते पुस्तक, त्यावर बुक्का, झेंडूचं फूल. गिटारवाल्याच्या कपाळाला गंध लागलेलं. रिवाजाप्रमाणे एकानं ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. इथं दोन्ही कामं रामप्रसादच्याच गळ्यात. तो इंग्रजी ओळ भरभर पुटपुटायचा, नको ते शब्द गिळायचा आणि मग मराठीत अर्थ लावायचा. आठवडाभर शुद्ध नव्हती, याचा अर्थ झाला समाधी. भर कार्यक्रमात गिटार आपटून फोडली, म्हणजे वाद्याचाही मोह ठेवला नाही. हॉटेलातला टीव्ही खिडकीतून खाली टाकला, तिथं तर लिंबाजींनी हात जोडले. चार संसार मांडले आणि चारही सोडले, हे ऐकून मात्र पुढं बसलेल्या रूपाबाईंनी विचारलं, मग लेकरं कोणी सांभाळली? रामप्रसादनं घाईघाईनं पान उलटलं.

तेवढ्यात हिंगोलीहून शेवटच्या जीपनं मेहुणी आली. सीमा बी.ए.ला होती आणि तिचा विषय इंग्रजी! तिला पाहून रामप्रसादच्या हातातली ज्येष्ठमधाची कांडी खाली पडली. लिंबाजींना मात्र आनंद झाला. जावईबापू थकले, आता ओवी तू वाच, अर्थ ते सांगतील, असं म्हणून त्यांनी पुस्तक लेकीकडे दिलं.

सीमानं कव्हर पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि उघडं होतं ते पान खणखणीत आवाजात वाचलं. पहिल्याच ओळीत व्हिस्की आली. हा शब्द कळायला बी.ए. लागत नाही. लिंबाजींची मान हळूहळू जावयाकडे वळली. रामप्रसादला वाटलं, झालं, आता या घरात आपले पाय कोणी धुणार नाही आणि दीपमाला जन्मभर बोलणार नाही.

"मामा, पयले पेत होते," तो कसाबसा म्हणाला. "मागून सोडली."

हे त्यानं नुसतं ठोकून दिलं होतं. लिंबाजींनी लेकीला विचारलं, खरं काय ते बघ. सीमानं शेवटचं प्रकरण काढलं. ती वाचत असताना रामप्रसाद नामदेवाला नवस बोलून मोकळा झाला.

"दाजी बराबर सांगून राहिले," ती म्हणाली. "म्हातारपनी दारू सोडली. मटनबी सोडलं. निस्ता भाजीपाला खाते अन् सकाळी उठून ध्यानाला बसते."

ओसरीनं सुस्कारा सोडला. वाल्याचा वाल्मीकी असाच होतो, असं लिंबाजी म्हणाले. मग ते उठले आणि त्यांनी जावयाला मिठी मारली. ही मिठी वासाची नव्हती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. रामप्रसादलाही गहिवरून आलं. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं.

"जावईबापू, मी तुमाला वळखलंच न्हाई," लिंबाजी म्हणाले. "तिकडल्या मानसाला जमलं, आपल्याला काय जड हाय? उद्या एकादस. नामदेवाच्या नरसीला जाऊ, तुमाला माळ घालू."

आता नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? दुसऱ्या दिवशी नरसीला रामप्रसादच्या गळ्यात तुळशीची माळ पडली. रविवारचं मटण, गटारीचा रस्सा, मावशीकडची सुकट, सगळं त्या माळेच्या एका गाठीत बांधलं गेलं. लिंबाजी रडले, पंचफुलाबाईंनी पेढे वाटले.

परतीच्या जीपमध्ये रामप्रसादला राहवेना. त्यानं दीपमालाला पुस्तकातलं खरं खरं सगळं सांगून टाकलं. ती चिडेल असं त्याला वाटत होतं. तिनं मात्र त्याच्या गळ्यातली माळ नीट सरळ केली.

"त्यानं समदं भोगलं, मंग सोडलं," ती म्हणाली. "तुमी काहून घाई केली?"