गेट वाढवायचंय

भूपालअण्णांच्या तोंडून 'बंद' हा शब्द ऐकलेला माणूस सांगलीत शोधून सापडणार नाही. पंखा बंद कर नाही, नळ बंद कर नाही, तोंड बंद ठेव असंसुद्धा त्यांनी कधी कुणाला म्हटलं नसेल. आणि असल्या माणसाच्या नशिबी काय यावं, तर बंद न होणारं गेट. आणि त्या गेटच्या नशिबी मी.

मी यासीन, मिरजेचा. आमच्या मागच्या गल्लीत सतारी बनवतात, तानपुरे बनवतात. माझ्या वाट्याला आली करकरणारी गेटं. रिमोटचं बटण दाबलं की आपोआप सरकणारी लोखंडी गेटं असतात ना बंगल्यांना, ती मी दुरुस्त करतो. सांगलीत विश्रामबागेच्या अंगाला एक जुनी कॉलनी आहे. तिथं एके काळी ह्या गेटांची लय हौस आली होती. शेजाऱ्यानं बसवलं म्हणून ह्यानं, ह्यानं बसवलं म्हणून पलीकडच्यानं. पोरांनी हौसेनं बसवून दिली आणि पोरं गेली कुणी पुण्याला, कुणी बेंगळुरूला, कुणी त्याच्याही पलीकडं. आता मालकांचे गुडघे आणि गेटांच्या मोटरी एकदमच कुरकुरायला लागल्यात. गुडघे निदान मिरजेत बदलून मिळतात. मोटरचे पार्ट कुठंच मिळत नाहीत.

पावसाळ्यात रुळात चिखल, उन्हाळ्यात पाला, आणि बारमाही पाली. पालीला बंगल्यातली सगळी ऊब सोडून नेमकं मोटरच्या डब्यात, बोर्डावरच जाऊन चिकटायचं असतं. ती मरते आणि बोर्ड जाळते. मग मालक फोनवर म्हणणार, "यासीन, परवाच तर केलंस की रं." परवा म्हणजे गेल्या दिवाळीत. मी आता वाद घालत नाही. दमलोय मी, खरं सांगतो. ज्याच्या त्याच्या गेटपाशी जातो आणि एकच मंत्र म्हणतो: मोटर काढा, गेट हातावर घ्या, एका बोटानं सरकवून देतो. सगळी कॉलनी हळूहळू हातावर आली. राहिले एकटे भूपालअण्णा.

त्यांचा पहिला फोन आला तो असा. "गेटवालं का? जय जिनेंद्र. आवं, आमचं गेट वाढवायचं बघा. वाढवायला गेलं की मधीच अडतंय."

आता तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ काय घ्यायचा? कॉलनीत तेव्हा चोऱ्या होत होत्या. म्हटलं, म्हाताऱ्याला गेट उंच करायचं असेल. वेल्डिंगचं मशीन रिक्षात घातलं, लोखंडी नळ्या घेतल्या, गेलो. अण्णा फाटकात उभे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोटांना हळदीचा पिवळेपणा. पन्नासेक वर्षं हळदीची अडत केलेली. धंदा सोडला तरी हळदीनं बोटं काही सोडली नव्हती. मी टेप लावून गेट मोजायला लागलो. ते शांतपणे बघत राहिले.

"हे लोखंड कशाला?" त्यांनी विचारलं.

"तुमीच म्हणला न्हवं, वाढवायचंय. दोन फूट बास का?"

"आवं, वाढवायचं म्हंजे, सांजच्याला पेढी वाढवतो न्हवं का आपण? तसं."

मी टेप गुंडाळली. "म्हंजे गेट बंद होत न्हाई म्हणा की सरळ."

अण्णांनी झटकन मागं वळून खिडकीकडं बघितलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हळू. आमच्याकडं त्यो शब्द चालत न्हाई."

दुकान बंद केलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं, ही रीत मलाही ठाऊक आहे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. पण ही रीत लोक सणावाराला, दुकानाच्या गल्ल्यावर पाळतात. भूपालअण्णा ती चोवीस तास पाळायचे, आणि नुसत्या 'बंद'वर त्यांचं भागत नव्हतं. 'गेला' चालत नाही. 'मेला' तर विचारूच नका. लाइट गेली की अण्णा म्हणणार, "लाइट यायची हाय." मी म्हटलं, बोर्ड गेला. ते म्हणाले, "दमलाय म्हणा." मी म्हटलं, रिमोटचा सेल मेलाय. ते म्हणाले, "निजलाय." चहा करताना साखर संपलेली निघाली, तर सैपाकाच्या बाईंना हाक मारून सांगितलं, "साखर उदंड झाली हो, आणाय पायजे." मी आपला उदंड साखरेच्या आशेनं बसलो, आणि हातात आला गुळाचा चहा.

ही भाषा चिकटते हो माणसाला. एकदा घरी बायकोला म्हणून गेलो, "चहापूड उदंड झाली काय गं?" तिनं डबा उलटा करून दाखवला आणि म्हणाली, "त्या म्हाताऱ्याकडं जाणं कमी करा."

कमी कसं करणार? त्यांचं गेट महिन्याआड दमायचं. आणि मागण्या तरी किती. त्या गेटला आपोआप लागायची सोय होती. माणूस आत-बाहेर झाला की थोड्या वेळानं गेट आपलं आपण सरकून लागायचं. अण्णांनी ती सोय काढून टाकायला लावली.

"का?" मी म्हटलं. "त्येच्यासाठीच तर लोक गेट बसवत्यात."

"माणूस उंबऱ्याबाहेर पडला की लगीच त्येच्या पाठीवर दार लावायचं? परत कशाला यील त्यो?"

मग काय, काढली सोय. तेव्हापासून कुणी निघालं की अण्णा फाटकापर्यंत येणार. निघणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत अण्णा उभे. वळला की भिंतीवरचं बटण दाबून गेट वाढवणार. उन्हात, पावसात, कधीही. मी मनात म्हणायचो, एवढं चालत यायचंच आहे तर मोटर कशाला पोसता?

तोंडानंही म्हणायचो. दर खेपेला सांगायचो, "अण्णा, हातावर घ्या. सगळ्यांनी घेतलं."

"न्हाई. गेट आपोआप उघडाय पायजे." बस्स. त्यापुढं चर्चा नाही. अण्णांचा दुसरा कुठला हट्ट नव्हता. जेवण साधं, दिवस मावळायच्या आत उरकलेलं, कपडे साधे, बंगल्याचा रंग उडालेला. पण गेट थांबलं की चेहरा असा व्हायचा की मलाच भीती वाटायची. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावून टाकला होता. म्हटलं, मिजास आहे अडत्याची. सगळी कॉलनी ढकलतेय आणि आपलं एकट्याचं सरकतंय, ह्याची.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नव्हती. रिमोटला दोन बटणं. त्यातलं उघडायचं बटण मी किती वेळा बदललं असेल, रबर झिजून भोक पडायचं. दुसरं बटण जसं आलं तसं, कोरं करकरीत. आणि मी स्कूटर लावेपर्यंत गेट उघडायला लागलेलं असायचं, पण समोर उभ्या अण्णांच्या हातात कधी रिमोट दिसला नाही. वाटायचं, धोतराच्या कनवटीला असेल.

मग एका वैशाखात रिमोट नीट लागेना. मी डब्यातली रिमोटचा सिग्नल पकडणारी तार बदलली आणि म्हटलं, "दाबा बघू."

अण्णांनी घराकडं तोंड करून हाक दिली, "अगं, बघ गं, कोण आलंय."

गेट वीतभर सरकलं आणि थांबलं.

"आत कोण दाबतंय? रिमोट हिकडं द्या, मला तपासू द्या."

अण्णा जरा घुटमळले. "रिमोट हितं येत न्हाई," म्हणाले. "तुमीच आत या."

इतकी वर्षं मी त्या घराच्या व्हरांड्यापलीकडं गेलो नव्हतो. आतल्या खोलीत खिडकीला लागून पलंग होता. पलंगावर अक्का, अण्णांची बायको. आजारी असतात एवढं मला माहीत होतं. उजवी बाजू सगळी लुळी, तोंड जरा वाकडं. डावा हात उशीवर, आणि त्या हातात रिमोट. समोरच्या कपाटाचं आरशाचं दार अर्धवट उघडं ठेवून सुतळीनं खिळ्याला बांधलं होतं. आरशात बघितलं तर गेट दिसत होतं, आणि गेटापाशी लावलेली माझी स्कूटरसुद्धा.

अक्कांनी आरशातूनच माझ्याकडं बघितलं आणि अंगठा रिमोटवर दाबून दाखवला. लागत नाही, अशी तक्रार होती ती. मी तार खिडकीच्या बाजूला वळवून घेतली, बटण बदललं, म्हटलं, "आता दाबा, अक्का." त्यांनी दाबलं. गेट उघडलं. अक्का अर्ध्या तोंडानं हसल्या.

बाहेर आल्यावर अण्णांनी मला खिडकीपासून लांब, रस्त्यापलीकडं नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्या घरात आल्यागेल्याला दार कवा मी उघडलंच न्हाई. पाव्हणा असू दे, भाजीवाली असू दे, हीच धावायची. आता तेवढंच एक काम हाय तिच्या हाताला." मग म्हणाले, "झटका आला तवा दवाखान्यात एक डाक्टर हिच्यादेखत बोलला. हात गेला म्हणाला. वाचा गेली म्हणाला. बोलता येत न्हाई, पर तिला ऐकू येतंय हो सगळं. डोळ्यातनं पाणी आलं घळाघळा. तवापास्नं आमच्या घरात काय जात न्हाई आन् काय सरत न्हाई."

मी मागं वळून बघितलं, खिडकी उघडी होती. गेटापाशी बोललेलं सगळं इतकी वर्षं आत ऐकू जात होतं. मला माझे सगळे 'गेला' आणि 'मेला' आठवले आणि कानशिलं तापली.

त्यानंतर मी अण्णांना 'हातावर घ्या' म्हणालो नाही. पण गेटला कुठं दया असते? पावसाळा लागला तसा बोर्ड असा जळाला की त्यात जीव घालायला जागाच उरली नाही. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत उभे. मी खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बोर्ड जरा दमलाय, अण्णा. इश्रांती देतो आन् दुसरा बघतो."

अण्णांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसरा बघतो म्हणणं सोपं. त्या जातीचा बोर्ड बाजारातून कधीच उठला होता. नव्या मोटरींना ते जड गेट पेलेना. सांगली, मिरज, कोल्हापूर, सगळीकडं विचारून झालं. शेवटी साताऱ्याच्या एका मिस्त्रीचा फोन आला, तिथं एक जुना बंगला पाडताहेत आणि तसलंच गेट भंगारात निघालंय. भर पावसात एसटीनं साताऱ्याला गेलो, बोर्ड काढून टॉवेलात गुंडाळला आणि येताना मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "औषध हाय का काय?" म्हटलं, तसंच समजा.

बोर्ड बसवला. रिमोट जुळवला. अण्णांनी हाक दिली, "अगं, बघ गं, कोण आलंय." क्षणभर काही नाही. मग मोटर घुरघुरली आणि गेट जावयासारखं सावकाश, मिजाशीत उघडत गेलं. अण्णा व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि टोपी काढून डोळे पुसत राहिले. मी रुळातला चिखल काढत बसलो. त्या चिखलात काढण्यासारखं फारसं काही नव्हतं.

दिवाळी झाली, थंडी पडली. त्या बोर्डानं एकदाही तक्रार केली नाही. मी मधूनच, काम नसतानाही, त्या रस्त्यानं जायचो. स्कूटर थांबवली की गेट उघडायचं. मी खिडकीकडं हात करायचो, म्हणायचो, "येतो हं, अक्का," आणि पुढं जायचो.

मग एके सकाळी फोन आला.

"यासीनभाई, गेट बंद करायचंय."

आवाज ओळखीचा होता, पण मी विचारलं, "कोण बोलतंय?" खरंच विचारलं. तो शब्द त्या आवाजात कधी ऐकलाच नव्हता.

"भूपाल बोलतोय."

गेलो तेव्हा स्कूटर लावली तरी गेट उघडलं नाही. अण्णांनी ते भिंतीवरच्या बटणानं उघडलं. व्हरांड्यात मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. त्यांच्या हातात रिमोट होता. माझ्यापुढं धरून म्हणाले, "बंद करून टाका. हातावर घ्या."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "अण्णा, बंद म्हणू नका. वाढवू म्हणा."

त्यांनी सवयीनं मागं वळून खिडकीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"आता कोण ऐकतंय?" म्हणाले.

मला रडू आलं. मी डब्याचं झाकण उघडून त्यात तोंड घातलं आणि लागेल तेवढा वेळ लावला. मोटर गेटापासून सोडवली, गेटाला जोडलेली दात्यांची पट्टी काढली, रुळाला तेल दिलं. बोर्डाला हात लावला नाही, झाकून ठेवला. मग अण्णांना म्हटलं, ढकलून बघा. त्यांनी ढकललं. हलकं सरकलं.

"लय हलकं केलंसा," ते म्हणाले. "मला उगंच वाटत हुतं, जड जाईल."

गुळाचा चहा झाला. निघताना मी म्हटलं, "येतो, अण्णा." ते फाटकापर्यंत आले आणि एक हात गेटावर ठेवून उभे राहिले. मी मुद्दाम स्कूटर सावकाश चालवली. आरशात बघत होतो. कोपरा आला तरी गेट उघडंच होतं आणि अण्णा तिथंच होते.