सोमनाथच्या समाधानाची मोजणी

माण गावच्या सोमनाथला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होते आणि ते सहसा वाईट होते. सकाळी सातला तो चहाच्या टपरीवर बसून मते मांडायला सुरुवात करी. तंत्रज्ञानाविषयी तो म्हणे, "मोबाइल हुशार झाला आन् मानसं ठोंबी झाली." इंटरनेटविषयी म्हणे, "कुंपणापल्याड आयटी पार्कात बसून ह्या कंपन्या सारं जग चालवत्यात, आन् माझ्या भाडेकरूला रेंज घ्यायला पाण्याच्या टाकीवर चढाया लागतंय." ट्रॅफिकवर तो बोलू लागला की टपरीवाल्याला चहा पुन्हा टाकावा लागे. "परवा चौकात अडाकलो. शेजारच्या गाडीतल्या साहेबानं वाट बघून बघून डबा उघडला, मला बी अर्धी पोळी दिली. जेवान झालं, हात धुतलं, तरी सिग्नल तिथंच."

बास्केटबॉलवर मात्र त्याचा आवाज खाली येई. त्याची लेक सोनिया दहावीत होती, बापापेक्षा वीतभर उंच होती आणि तालुक्यात तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. सोमनाथने पार्किंगच्या खांबाला पिंपाची लोखंडी कडी ठोकून दिली होती. चेंडू कडीतून गेला की खाली भाडेकरूच्या गाडीवर पडे आणि गाडी ओरडू लागे. जिल्ह्याची निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती, पण पोरीने पुऱ्या मापाचे मैदान अजून पाहिलेले नव्हते. "गावात पोरांना खेळाया जागा ठेवली न्हाई. समद्या जमिनी इमारतींनी खाल्ल्या," असे तो कळवळून म्हणे. त्यातल्या दोन इमारती त्याच्याच जमिनीवर उभ्या होत्या, पण टपरीवर तो विषय कुणी काढत नसे.

अशातच नागरिक समाधान मोजणी कक्ष स्थापन झाला. प्रत्येक गावातून चिठ्ठी टाकून एक प्रातिनिधिक नागरिक निवडायचा आणि त्याचे समाधान हेच गावाचे समाधान धरायचे, असे ठरले. माणमध्ये चिठ्ठी सोमनाथची निघाली. टॅबलेट घेऊन कक्षाच्या अधिकारी शुभांगी मॅडम थेट त्याच्या घरी आल्या.

नेमका इथेच घोटाळा झाला. टपरीवर रडणे वेगळे आणि दारी आलेल्या पाहुण्यापुढे रडणे वेगळे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सोमनाथला आजोबांनी शिकवले होते. त्याने धुतलेला सदरा घातला. त्याच्या बायकोने, लीलाबाईने, कपबशीतून चहा आणला.

"ट्रॅफिकबद्दल काय मत आहे?" मॅडमनी विचारले.

"बरं हाय की. थांबल्यावर मानसांच्या वळखी व्हत्यात."

"इंटरनेट?"

"झ्याक हाय. पोरं टाकीवर जात्यात, तेवढीच मोकळी हवा लागती."

"तंत्रज्ञान?"

"लई पुढं गेलंय. आमाला दिसत बी न्हाई, इतकं पुढं गेलंय."

"बास्केटबॉल?" फॉर्ममध्ये खेळांचा रकाना नुकताच वाढवला होता.

दाराशी उभ्या असलेल्या सोनियाने घसा खाकरला. "पप्पा, मॅडम विचारतायत तर खरं सांगा ना."

"गप गं. पावण्यापुढं रडत न्हाईत," सोमनाथ दबक्या आवाजात म्हणाला. मग मॅडमकडे वळून तो हसला. "पोरगी घरच्या घरी खेळती. आमचं काय बी अडलेलं न्हाई."

मॅडमनी चहा संपवला आणि शंभर टक्के समाधान नोंदवले.

महिन्याने निकाल लागला. असमाधानाच्या प्रमाणात सुविधा द्याव्यात असे धोरण होते, आणि त्यात चूक कुणाला काढता आली नसती. माले गावचा प्रातिनिधिक नागरिक कुशाबा हा मेंढपाळ होता. तो सकाळी जो रडायला बसला तो दुपारपर्यंत थांबलाच नव्हता. बास्केटबॉल म्हणजे काय हे त्याने आधी मॅडमकडून समजून घेतले आणि मग त्याच्या अभावी आपले आयुष्य कसे वाया गेले ते सांगितले. मालेला मोबाइलचा टॉवर मिळाला, रुंद रस्ता मिळाला आणि पुऱ्या मापाचे बास्केटबॉल मैदान मिळाले. माण समाधानी असल्यामुळे चौकातला एकमेव वाहतूक हवालदारही मालेला हलवण्यात आला. तिथे तो शिट्टी वाजवून मेंढ्या डावीकडून सोडू लागला.

आता बाप-लेक रोज शाळा सुटल्यावर स्कूटरवरून मालेला निघू लागले. माणच्या चौकातून सुटायलाच तास जाई. तिथे पोचावे तर मैदानावर मेंढ्या रवंथ करत बसलेल्या असत, कारण सिमेंट दिवसभर तापून छान उबदार झालेले असे. त्या उठेपर्यंत सूर्य डोंगराला टेके आणि सोनियाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येत.

"तुमाला ह्ये मैदान कशाला पायजेल व्हतं?" सोमनाथने एकदा न राहवून विचारले.

"मला न्हाई पायजेल," कुशाबा शांतपणे म्हणाला. "पर बाईनं इचारलं, हाय का? न्हाई म्हनलं. खोटं कशाला बोलू? रडल्याबिगर आई बी दूध पाजत न्हाई, ह्ये तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

सोमनाथने तक्रार करायचे ठरवले. तक्रार फक्त ऑनलाइन घेतली जाई, म्हणून इंटरनेट नसल्याची तक्रार करायला तो इंटरनेट असलेल्या मालेला गेला. मैदानाच्या कडेला बसून त्याने सगळे खरे खरे लिहिले. अर्जदार कुठला आहे हे, तो जिथे बसून लिहितो त्यावरून, अर्ज स्वतःच ओळखत असे. पंधरा दिवसांत निकाल आला. मालेतून पुन्हा तीव्र असमाधान व्यक्त झाल्याने तिथे दुसरे मैदान मंजूर झाले होते. सोमनाथने कपाळावर हात मारून घेतला. त्या दुसऱ्या मैदानावर कुशाबाने कोकरांची वेगळी सोय केली.

चाचणी दहा दिवसांवर आली तेव्हा माणला सर्वाधिक समाधानी गावाचे सन्मानचिन्ह जाहीर झाले. शुभांगी मॅडम सत्काराचा मंडप बघायला आल्या, तेव्हा सोमनाथ त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. या वेळी त्याने चहा विचारलाच नाही.

"माजं चुकलं मॅडम. पोरीचं नुसकान झालं. काय तरी करा."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी नियम चाळून पाहिले. "एक तरतूद आहे. जाहीर कार्यक्रमात तीन नागरिक असमाधानी आढळले, तर फिरतं मैदान दुसऱ्याच दिवशी गावात येतं. तीनपेक्षा कमी निघाले, तर ती मोजणीतली त्रुटी धरतात. हसणारा आणि टाळ्या वाजवणारा समाधानी. टॅबलेट आपोआप मोजतो."

"तीन? आख्खा गाव उभा करतो."

सत्काराला सोमनाथ व्यासपीठावर चढला, शाल बाजूला ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माइकवर खरे बोलला. टाकीवर चढणारी पोरे त्याने सांगितली, चौकातला डबा सांगितला, मेंढ्यांना मिळालेला हवालदार सांगितला. जमिनी आपणच दिल्या हेही त्याने सांगून टाकले. "आपलंच तोंड दाबून आपन बुक्क्यांचा मार खातुया," तो म्हणाला.

मंडपात हशा उसळला. असे झकास भाषण गावाने कधी ऐकले नव्हते. माणसे मांड्यांवर थापा मारत होती, भाडेकरू मोबाइलवर भाषण टिपून घेत होते. "आणखी सांग, आणखी सांग," म्हणून मागून फर्माइश आली. हवालदाराचे ऐकून लीलाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली आणि मग तिला फार वाईट वाटले, पण तोवर तिची मोजणी झाली होती.

एकटी सोनिया हसत नव्हती. चेंडू मांडीवर घेऊन ती बापाकडे बघत होती.

मॅडमनी टॅबलेट पाहिला. "असमाधानी एक."

"आन् मी?" सोमनाथने विचारले.

"तुम्ही वक्ते. वक्त्यांना मनोरंजनात धरतात."

दोन माणसे कमी पडत होती. वाचकांना धरता येते का, असे आम्ही मॅडमना विचारले. येते, म्हणाल्या. त्यांनी तुमची नोंदही काढून पाहिली. सोनियाची चाचणी परवा आहे, आणि तुम्ही पहिल्या परिच्छेदापासून हसत आहात.