पाखऱ्या वयात आल्याबाबतचा ठराव

वयात येणे हे निसर्गाचे काम आणि वयात आलेल्याला सांभाळणे हे घरातल्या बाईचे, ही वाटणी फार जुनी आहे. तिच्यानुसार अवसरी बुद्रुकच्या सारजाबाईंचा खोंड पाखऱ्या १९९८च्या माघात वयात आला. (पूर्वसूचना दिली नाही.)

लक्षणे अशी: खुराने माती उधळणे, उकिरड्यात शिंगे खुपसणे, शेजारच्या कालवडीकडे बघत वैरण विसरणे. शिवाय त्याने सारजाबाईंना गव्हाणीशी चेपले. एक बरगडी मोडली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हार्मोन वाढलेत, बाई. चिमटा लावून खच्ची करून घ्या."

चिमटा ऐकताच त्यांचा लेक सोपान पांढराफटक पडला. "आये, यात्रेला शर्यतीच्या गाड्याला जुपायचाय त्याला! बैलाची जवानी घालवायची व्हय?"

प्रश्न गावाचा झाला. सोपान धरून अकरा जणांची समिती बसली. पात्रता एकच, स्वतः वयात आलेले असणे. (चांगदेवभाऊंबाबत त्यांच्या बायकोने शंका घेतली, ती फेटाळण्यात आली.) समितीने पंधरा फुटांवरून पाहणी केली आणि दोनदा चहा घेतला. चहा सारजाबाईंनीच केला, एका हाताने बरगडी धरून. मग ठराव झाला: "जवान हाय, व्हतंय असं. बाईनं जरा जपून जावं." बाजूने अकरा, विरोधात शून्य.

सारजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला नाही. "बरं भाऊ. जपून कसं जायचं ते आमाला दावा. उद्यापास्नं वैरण तुमीच टाका, पाळीपाळीनं."

पहिल्या दिवशी चांगदेवभाऊंचे धोतर गेले. दुसऱ्या दिवशी सोमाजी शेवग्यावर चढले, ते दुपारी उतरले. (शेवगा मोडला, म्हणूनच उतरले.) तिसऱ्या दिवशी सोपानचीच पाळी होती. गव्हाणीपाशी तो "आये, मेलो गं!" एवढेच म्हणू शकला. त्याच संध्याकाळी समितीने जनावराच्या हिताचा विचार करून चिमट्याला एकमताने मंजुरी दिली.

चिमटा लागला तेव्हा अकराही जण पाठ फिरवून, मांड्या आवळून उभे होते. कुणीतरी हळहळलं, "अरारा, किती सोसायचं!" सारजाबाईंनी वळून पाहिलं, पण ते पाखऱ्याबद्दल होतं.

समितीत बारावी जागा रिकामी आहे. वर चिमटा वाचताच ज्या वाचकांनी पाय जवळ घेतले, पण बरगडी मोडली तेव्हा नुसते पुढे वाचत गेले, त्यांना अर्ज करण्याची गरज नाही. त्यांची निवड झालेली आहे.