सागरकृपेतील माहिती-संचाची मोहीम

श्री भैरीबुवास नमन करून, रत्नागिरी मुक्कामी सागरकृपा सोसायटीत जे घोर युद्ध जाहले ते लिहून ठेवितो. मीठ घातले आहे, ते मासळीत घालतात तितकेच.

तिसऱ्या मजल्याचे अधिपती काशीरामराव, बंदर खात्यातून निवृत्त. पत्नी मालनबाईसाहेब यांचे गुडघे जिने चढण्यास साफ नाकबूल जाहले, आणि मग फ्लॅट विकून गुहागरास जमिनीवरच्या घरात राहावे, असा मनसुबा ठरला. खरेदीदार तेजस्वीबाई, शाळेत शिक्षिका. त्यांनी घर पाहिले, नळ सोडून पाहिले, खूश जाहल्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर खलिता धाडला की, रविवारपर्यंत सोसायटीचे ना हरकत पत्र न मिळाल्यास भाट्ये येथील दुसरे घर घेऊ.

ऐन वक्ती खालच्या मजल्याचे सरदार, सोसायटीचे सचिव स्वरूपराव यांनी फर्मान काढिले की, ना हरकत पत्रापूर्वी विकणाराने माहिती-संच सादर करावा, त्यात ओलीचा दाखला, विजेचा दाखला, नळाचा दाखला, आणि दर दाखल्यास सोसायटीची फी. मागील फीतून सोसायटीची कमान रंगली होती, आणि कमानीवर स्वरूपरावांचे नाव.

काशीरामराव कडाडले, "हा छुपा कर हाय!"

"कर कसला, दादा?" स्वरूपराव म्हणाले. "घेणाऱ्याच्या भल्याची माहिती ती."

तेजस्वीबाई म्हणाल्या, "मला किल्ली द्या. भलं माझं मी बघीन."

परंतु इलाज चालेना. मग रविवारी सकाळी ओलीची तपासणी करणारे ओमकारराव, मूळचे आंजर्ल्याचे, हत्यारांसह दाखल जाहले, आणि त्यांनी न्हाणीघराच्या मोरीत बोळा कोंबून नळ पुरता सोडिला, खाली ठिबकते काय ते पाहावे म्हणून. इतक्यात मालनबाईसाहेबांचा हुकूम सुटला, "देवाला न सांगता वास्तूत हत्यार लावलंव? आधी गाऱ्हाणं घाला!"

नारळ आला, आणि काशीरामरावांनी गाऱ्हाणे आरंभिले. सुरू जाहलेले गाऱ्हाणे मोडू नये आणि मध्येच जागा सोडू नये, हे सर्वांस ठाऊक. मग भैरीबुवा जाहले, कुलस्वामिनी जाहली, मागचे सर्व पूर्वज नावानिशी जाहले, आणि दर खेपेस मंडळी "होय महाराजा" म्हणत राहिली. पाणी उंबरा ओलांडून दिवाणखान्यात उतरले. ओमकाररावांनी हात जोडून भुवयांनी नळाकडे बहुत इशारे केले, पण पाय हलविला नाही. चपला तरंगू लागल्या.

तोच स्वरूपराव, अर्धी दाढी साबणात, डोक्यावर छताचे पाणी, गर्जत जिना चढून दारात आले. त्याच क्षणी काशीरामराव म्हणाले, "आणि बा महाराजा, माहितीच्या नावाखाली आमच्यावर जो छुपा कर बसवलाय, तो उठव, आणि बसवणाऱ्याला सुबुद्धी दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

सर्वांत मोठा आवाज स्वरूपरावांचा. जन्म कोकणातला, जीभ ऐकेना. मग त्यांनी तोंडावर हात ठेविला, पण नारळ फुटला होता.

"देवासमोर होय म्हटलंव, भावोजी," मालनबाईसाहेब म्हणाल्या आणि खोबरे पुढे केले. "आता मागं घेताव काय?"

स्वरूपरावांनी खोबरे घेतले, आणि मग पेन.

येणेप्रमाणे संच रद्द होऊन ना हरकत पत्र हस्तगत जाहले, तेजस्वीबाईंस किल्लीचा वायदा जाहला, आणि गुहागरचा मार्ग मोकळा जाहला. या युद्धात आपल्याकडील एक पायपुसणे आणि शत्रूकडील छताचा रंग कामी आला. रंगाचा खर्च काशीरामरावांनी आनंदाने दिला, कारण तो उघड होता.