तीनशेव्या पावलाची पोच

जऊळक्याचे तारबाबू वानखडे कुणालाही रामराम करत आणि समोरून उलट रामराम येईपर्यंत जागचे हलत नसत. एकदा गार्डसाहेब घाईत पुढं निघून गेले, तर हे फलाटाच्या टोकापर्यंत त्यांच्या मागं. "साहेब, माहा रामराम पोचला काय?" पॅसेंजर त्यापायी दोन मिनिटं उशिरा सुटली.

अठरा वर्षं तारेच्या यंत्रावर बसलेला माणूस. धाडलेलं आणि पोचलेलं, एवढंच त्यांना ठाऊक. मधलं काही त्यांना मान्य नव्हतं. "भाऊ, पोच द्या," हे दिवसातून वीसदा. हो म्हणायचं तर बोटानं टेबलावर एक टक, नाही म्हणायचं तर दोन. वहिनी म्हणत, "भाजी वाढू काय इचारलं त ताट वाजवतात. पाहुण्याले वाटते बुवा रागावले."

मी त्याच स्टेशनात बुकिंगला. मी बोलायला आळशी, म्हणून आमचं जमलं.

आणे जाऊन नवे पैसे नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. गाडीच्या डब्यात कुणीतरी विसरलेलं एक विलायती मासिक तारबाबूंच्या हाती लागलं. त्यात एक खेळण्याएवढं विमान होतं. बॅटरीच्या मोटरीवर उडायचं आणि जमिनीवरच्या रेडिओच्या पेटीनं वळायचं. उडण्याचं त्यांना विशेष काही नव्हतं. "उडते त चिमणीबी. पण आपुन इथं बटन दाबलं का थे तिथं वळते. आभायातून पोच, भाऊ."

वर्षभर खपले. मुंबईच्या जुन्या बाजारातून लढाईतून उरलेल्या सामानातले रेडिओचे सुटे भाग मागवले. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, बांबूच्या कामट्या, वर पतंगाचा कागद. सांगाडा पार्सलच्या काट्यावर ठेवला, तर काटा ढिम्म. तारबाबू खूष. मग बॅटरी बसवली आणि काटा हलला; त्या दिवशी ते जेवले नाहीत. पंखांखाली दोन बोटं धरून तोल पाहायचा, बॅटरी जरा पुढं, जरा मागं सरकवायची, पुन्हा बोटं. "नाक जरासंक खालीच पाह्यजे. नव्या नवरीवानी."

उडवायचा दिवस ठरला वैशाखातला. चारची पॅसेंजर गेल्यावर आम्ही बाहेरच्या सिग्नलपलीकडच्या रानात गेलो. तूर निघालेली, नुसती ढेकळं. तारबाबूंनी पंख रबरानं आवळले, शेपटीचं सुकाणू सरळ आहे का पाहिलं. एकच तपासणी राहिली आणि ती माझ्याकडं होती. विमान हातात घेऊन मी चालत जायचं. दर शंभर पावलांवर थांबायचं. ते पेटीवरचं बटन दाबतील. सुकाणू हललं तर मी हिरवी झेंडी दाखवायची. तीनशेला हललं, तरच उडवायचं.

शंभरला हललं. दोनशेला हललं. तीनशेला मी थांबलो, आणि सुकाणू हललं नाही.

मी थोडा वेळ वाट पाहिली. ऊन डोक्यात जात होतं, ढेकळांनी चप्पल तुटली होती. नाही म्हटलं असतं, तर पेटी उघडणार, तारा तपासणार, पुन्हा एकपासून तीनशे. मी हिरवी झेंडी दाखवली.

आयुष्य रेल्वेत काढलेल्या माणसानं, लाइन मोकळी नसताना.

विमान सुरेख उडालं. एक टक, उजवीकडे वळलं. तारबाबू माझ्याकडं बघून हसले, लहान मुलासारखे. मग ते वाऱ्याबरोबर दूर गेलं आणि दूर गेल्यावर वळेना. ते बटन दाबत राहिले. विमान ठिपका झालं, मग ठिपकाही दिसेना. आम्ही तीन दिवस रानं तुडवली. सापडलं नाही.

तारबाबूंनी माझ्याकडं एकदाही संशयानं पाहिलं नाही. "तीनशेले पोच होती," ते म्हणाले. "म्हंजे माह्याच हातानं काही चुकलं." त्यानंतर ते साधी तारही दोनदा पाठवू लागले. पलीकडचा बाबू वैतागायचा. मी खिडकीआड तिकिटं फाडत बसायचो. दीड वर्ष असंच गेलं.

मग त्यांना अकोल्याला बढती आली. त्यांनी नकाराचा अर्ज लिहिला आणि माझं अक्षर बरं म्हणून मला घरी बोलावलं. "सुवाच्य करून द्या, भाऊ. पाचच्या गाडीनं धाडून देऊ." मी उतरवू लागलो. 'माझा हात आता भरवशाचा राहिला नसल्याने' इथवर आलो आणि पुढं लिहवेना. टाक खाली ठेवला.

"तारबाबू, तीनशेला सुकाणू हललं नव्हतं. मी खोटी झेंडी दाखवली."

ते माझ्यासमोर येऊन बसले.

"काहून?"

"ऊन होतं."

"अन् दोनशेले?"

"दोनशेला हललं होतं. स्वच्छ."

"स्वच्छ?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"लबाडी केली तुमी."

"केली."

"थे मी इसरनार नाई." एवढं बोलून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "आवं, ऐकलं काय? हात बराबर होता माहा. दोनशेपावतर पोचत होतं."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी रोज तेच त सांगून राह्यली."

मला कळेना. तेव्हा तारबाबू जरा ओशाळून बोलले. विमान गेल्यापासून रोज संध्याकाळी ते घरी जुनं यंत्र घेऊन बसत, तार न जोडलेलं, आणि दिवसभराच्या तारा पुन्हा वाजवत. वहिनी समोर बसून ऐकत. बरोबर की चूक ते सांगत.

"तुम्हाला कळतं ते?" मी विचारलं.

"मले कायचं कळते, भाऊजी. सारखीच टकटक. मी आपली 'बराबर' म्हनो."

तारबाबू त्यांच्याकडं बघतच राहिले. "एकबी अक्षर कळत नव्हतं?"

"नाई."

"अन् रोज घंटाभर बसे तू."

"मंग? तुमी एकटेच वाजवत बसले असते."

तारबाबूंनी माझ्यापुढचा अर्ज उचलला, घडी घालून खिशात ठेवला. मी जायला उठलो, तसे म्हणाले, "बसा." वहिनी चुलीकडं वळल्या, तर त्यांनाही हातानं थांबवलं. "तूबी बस. चहा मी टाकतो."

त्यांना साखरेचा डबा सापडत नव्हता. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पाचची गाडी शिटी देऊन निघून गेली, आणि आम्ही दोघं बसून राहिलो.